पिशवीची चेन

थिदाने कोलापच्या कानांना ऊन लागू नये म्हणून मलम चोळलं, मग काळजीपोटी पुन्हा चोळलं. सियाम रीपजवळच्या त्या केंद्रात मांजराएवढे उंदीर पुरलेले सुरुंग वासावरून शोधायला शिकत. आज कोलापची परीक्षा होती. मैदानातले सुरुंग निकामी, पण नियम कडक होता. दोनदा नापास झालेला उंदीर बाद, मग जन्मभर पाहुण्यांसोबत फोटो काढायचे. नऊ महिने जिला खांद्यावर मिरवलं, तिच्या नशिबी हे यावं? थिदाची झोप उडाली होती.

सुरुंग कुठे आहेत ते फक्त परीक्षक साम्नांगकाकांच्या नकाशात होतं. थिदाच्या पायापासून मैदानापार ताणलेल्या दोरीलगत कोलाप निघाली आणि दर चार पावलांवर जमीन खरवडू लागली.

"मी काय इथं बटाटे लावलेत?" काका म्हणाले. मग त्यांनी थिदाकडे पाहिलं. "तुझा हात कुठंय?"

"कमरेच्या पिशवीवर. केळं तयार ठेवते ना, काका."

"आणि चेन?"

चेन अर्धी उघडी होती. सरावात थिदाला सुरुंगाची जागा ठाऊक असे, त्यामुळे तो जवळ आला की हात आधीच चेनीवर जाई. कोलापने सोपा धडा घेतला होता: चेन वाजली की खरवडायचं, केळं मिळतं. वासाच्या भानगडीत कोण पडतंय! आणि आज घाबरलेल्या थिदाने चेन वीसदा ओढली होती.

"उंदीर हुशार आहे," काका म्हणाले. "शंका तुझ्याबद्दल आहे."

तीन आठवडे बिनचेनीच्या पिशवीने सराव झाला. तरी दुसऱ्या परीक्षेला थिदाने गळ्यातला क्रमा, म्हणजे चौकड्यांचा पंचा, सोडून त्याने स्वतःचे हात पाठीमागे बांधून घेतले. कोलापची दोरी पायाला बांधलेली होतीच, हातांचं काम नव्हतं.

कोलाप थांबली. खरवडलं. काकांनी नकाशा पाहिला आणि शाबासकीची टिकटिकी वाजवली. कोलाप मागच्या पायांवर उभी राहून केळ्याची वाट पाहू लागली.

"काका, केळं! उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं तेच तिला कळणार नाही!"

"बावीस वर्षांत मी परीक्षेत उंदराला भरवलेलं नाही."

"काका, लवकर!"

काका गुडघे कुरकुरवत खाली बसले, पिशवी चाचपली आणि भरवलं. असं चारदा. चारही सुरुंग बरोबर, चूक एकही नाही.

"पास," बोटं पुसत काका म्हणाले. "पण लाडावून ठेवलीयस. उद्यापासून शिस्त."

दुसऱ्या दिवशी पिंजरा उघडताच कोलाप थिदाला ओलांडून थेट काकांकडे गेली आणि त्यांचा बूट खरवडू लागली.

"माझ्या बुटात सुरुंग आहे का गं?" काका गरजले. तोवर त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला होता. तिथे, अगदी सहजच, केळ्याच्या चार फोडी पानात गुंडाळलेल्या होत्या.