मुकुपाची कणगी

एकतीस वर्षं मी न्डोला शहरात टपालखात्यात काढली. 'थोरल्या बहिणीला, चर्चच्या मागे' एवढ्याच पत्त्यावर मी पत्र पोचवलेलं आहे, आणि तेही बरोब्बर थोरल्या बहिणीला! तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला एक पूर्वज हुडकणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी चिसेंगामामांना छाती ठोकून सांगितलं.

"मामा, तुम्ही निर्धास्त राहा. मुकुपा आजोबांचा सगळा इतिहास महिन्याभरात तुमच्या हातात ठेवतो. टाइप करून!"

"टाइप करून?" मामा हरखले. "बरं बरं. तू शिकलेला आहेस, तुला कळतं."

प्रकरण साधं नव्हतं. लुसेंगा गावचे मुखिया वारले होते आणि त्या जागेसाठी दोघे उभे होते. एक आमचे मामा, दुसरा ओढ्यापलीकडचा म्वाबा. न्गोनी या लुटारू टोळ्यांच्या हल्ल्यात जुनं गाव जळलं, त्यानंतर ते ज्याच्या पूर्वजाने पुन्हा वसवलं त्याच्या कुळाकडे मुखियापण जायचं, असं मुलखाच्या सरदारसाहेबांनी ठरवून टाकलं. आमच्याकडे कूळ आईकडून येतं आणि मुकुपा म्हणजे माझ्या पणजीच्या आईचा सख्खा भाऊ. मामा जिंकले की मुकुपाचं नाव घेणार. नाव घेतलं की माणूस तो पूर्वजच होतो, त्याने केलेलं सगळं 'मी केलं' म्हणूनच बोलतो. हरले, तर ते नाव म्हाताऱ्या मामांबरोबरच संपणार होतं. मामा तोंडाने काही बोलत नसत, पण रोज सकाळी कुळाचा जुना भाला घासत बसत.

सायकल काढली आणि थेट गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे गेलो. कातोंगोबाबा नाचणीच्या दारूचं मडकं पुढ्यात घेऊन वेताच्या नळीने सावकाश ओढत होते.

"बाबा, मुकुपाबद्दल काही ठाऊक आहे?"

"नसायला काय झालं! तो कणगीत लपला होता."

"कुठे?"

"कणगीत रे! न्गोनी आले, गाव डोंगरात पळालं. हा मात्र आपल्या नाचणीच्या कणगीत शिरला आणि वरून छप्पर ओढून घेतलं. चार दिवस आत! बाहेर आला तेव्हा अंगाला इतकी खाज सुटली होती की थेट ओढ्यातच जाऊन पडला."

माझी पेन्सिल थबकली. एवढ्यात डोक्यात उजेड पडला.

"बाबा, तुमचं कूळ कोणतं?"

"बिबट्या!" म्हातारा बोळकं पसरून हसला. "आणि तू शेळीचा ना? वासच येतोय!"

हात्तिच्या! बिबट्याकुळाने शेळीकुळाची टर उडवायची हा आमचा रिवाजच. कोणी रागवायचं नाही. माझ्या आईच्या मयताला एक बिबट्या वाटेत आडवा पडून "आधी कोंबडी आणा, मग खड्डा खणतो" म्हणाला होता आणि आम्हाला ती आणावी लागली होती! बिबट्याने शेळीबद्दल सांगितलेलं कोणी इतिहासात घालतं का? मी ते पान टराटरा फाडलं.

पण मग इतिहास आणायचा कुठून? घरी येऊन टाइपरायटर पुढे ओढला आणि शूर माणसाने जे करायला हवं होतं ते सगळं लिहून काढलं. मुकुपाने भाला उचलला आणि एकट्याने सात न्गोनी लोळवले.

"सातच?" माझी बायको प्रिस्का शेंगा सोलता सोलता म्हणाली. "सातांसाठी सव्वाशे वर्षं कोण लक्षात ठेवील?"

सतरा केले. उरलेल्यांचा पाठलाग त्याने लुआंग्वा नदीपर्यंत केला. एवढ्या लांब गेलाच आहे तर लगेच कशाला परत आणा, म्हणून दोन वर्षं तिकडेच लढवला. कार्बन घालून सहा प्रती काढल्या. मामांना वाचून दाखवलं तेव्हा ते डोळे मिटून ऐकत राहिले. भारावले असणार! आणि जिरवायचीच तर पुरती जिरवावी म्हणून एक प्रत मी स्वतः म्वाबाच्या घरी नेऊन दिली.

म्वाबाने उभ्या उभ्या ती दोनदा वाचली. मग फार गोड आवाजात म्हणाला, "लामेकदादा, अजून एक प्रत मिळेल का?"

मी दिली!

सुनावणीला अख्खा मुलूख लोटला होता. मी घसा साफ करून वाचलं. सतराव्या न्गोनीला आमच्या बायकांनी आरोळ्या ठोकल्या. मी रुमालाने कपाळ पुसून खाली बसलो.

म्वाबा उठला. त्याच्या हातात माझीच प्रत होती.

"सरदारसाहेब, यातलं अक्षर न् अक्षर मला मान्य आहे."

आमची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली.

"मुकुपा शूर होता. दोन वर्षं लुआंग्वाला होता. हे त्यांनीच लिहून दिलंय. माझा कालुंगा आजोबा मात्र पाचव्या दिवशी डोंगरातून उतरला. इथे माणूस नव्हतं. मग पहिली चूल कोणी पेटवली असेल?"

पहिली चूल ज्याची, गाव त्यानेच वसवलं! मामा भाल्याला धरून बसले होते. आणि हे सगळं मी माझ्या हाताने केलं होतं, सहा प्रतींत!

तेवढ्यात काठी आपटत कातोंगोबाबा उभे राहिले.

"खोटं! मुकुपा कुठेही गेला नव्हता. तो कणगीत होता!"

सगळे खो खो हसले. सरदारसाहेबही हसले. "बाबा, तुम्ही बिबट्या. शेळीबद्दल दुसरं काय बोलणार?"

"थट्टा करताना कोणी स्वतःची लाज सांगतो का?" म्हातारा कडाडला. "त्या कणगीत मुकुपा एकटा नव्हता. माझी आजी होती! पाच वर्षांची. आईबाप तिला विसरून पळाले होते. आम्ही बिबटे! पोर टाकून पळालो! मुकुपाने तिला आत ओढलं आणि चार दिवस तिच्या तोंडावर हात धरून बसला. म्हणून मी आज इथे आहे."

सरदारसाहेबांनी मामांकडे वळून रिवाजाप्रमाणे विचारलं, "मुकुपाचं नाव मागणाऱ्या, त्याच्या तोंडाने बोल. तू कुठे होतास?"

मामांनी भाला खाली ठेवला.

"कणगीत होतो, साहेब."

"लढला का नाहीस?"

"भीती वाटली."

"खाल्लं काय?"

"कच्ची नाचणी. अर्धीच. अर्धी बियाण्याला ठेवली. पोरगी रडायची, मी तिला एकेक दाणा मोजायला लावायचो. पाचव्या दिवशी कालुंगा डोंगरातून आला तेव्हा माझी चूल पेटलेली होती. त्याला पेज मीच वाढली."

म्वाबा मान खाली घालून म्हणाला, "पेजेचं आमच्या घरीही सांगतात." आणि खाली बसला.

निकाल मामांच्या बाजूने लागला. नाव मिळालं, मुखियाच्या मानाचे पांढरे मणी मिळाले, आरोळ्यांनी कानठळ्या बसल्या. मी गर्दीतून वाट काढत मामांपर्यंत पोचलो. आता ते मामा नव्हते, मुकुपा आजोबा होते! मामाशी अदबीने वागायचं असतं, पण आजोबा-नातवांना एकमेकांची टिंगल करायची मुभा असते.

"आजोबा," मी हळूच विचारलं, "पोरगी, दाणे, पेज... हे ऐन वेळी कसं सुचलं हो तुम्हाला?"

"सुचलं? माझ्या आईने शंभर वेळा सांगितलंय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"अरे नातवा," म्हातारा माझा कान पिळत म्हणाला, "तू विचारलंस कधी? तू नुसता वाचून दाखवत होतास!"