अणुबॉम्बाच्या याद्या

वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात कुणी ‘टाका म्हणावं एकदाचा अणुबॉम्ब!’ असं म्हणालं, की आमचे रंगनाथ मास्तर त्याला आधी बहिणीचं गाव विचारतात.

माणूस चक्रावतो. ‘तीर्थपुरी,’ म्हणतो. मास्तर खिशातला खडू काढून टेबलावर टिंब देतात. “हे तीर्थपुरी. इथं पडला समज. बहीण घरात, दाजी शेतात, भाचे शाळेत. आता बोल, टाकू?” आणि उत्तराआधीच मास्तर कडाडतात, “तिकडच्या लोकायनं बी गावोगाव लेकी दिल्यात ना रे? का तिकडं माणसं झाडाला येतेत?”

मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर सोयरिकी जमवायला घेतल्या. कोणाची लेक कुठे दिलीय हे सगळं तोंडपाठ. मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचो. मीही एकदा तोंड उघडलं होतं आणि माझ्या मेहुणीसकट परतूर टेबलावरून पुसलं गेलं होतं. तेव्हा मास्तरांचा राग आला होता. आता येतो तो टीव्हीवर कोट घालून किंचाळणाऱ्यांचा. या शहाण्यांना अणुबॉम्ब म्हणजे दिवाळीतला सुतळी बॉम्ब वाटतो. वात पेटवायची आणि कानात बोटं घालून पळायचं!

मास्तरांकडे यावर उपायही तयार. “लग्नाच्या याद्या होतेत, मंग बॉम्बच्या का होऊ न्हाई? चार माणसं मधी घाला. तुमच्याकडं किती, आमच्याकडं किती, सगळं लेखी करा. आपण घर पाहायला जातो न्हाई का, तसं बराबर एकमेकाच्या घरात जाऊन पाहून या. मंग दोघं मिळून कमी करत चला. अन् रुसवा असला तरी बोलणं बंद करू नका. बोलणं तुटलं की सोयरीक मोडली!”

लोक हसायचे. मोठमोठ्या देशांच्या पुढाऱ्यांना जे सुचत नाही ते या म्हाताऱ्याला सुचतं, याचं हसू येण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

मध्यंतरी सीमेवर तणाव वाढला. हॉटेलात टीव्हीचा आवाज वाढला, टाळ्याही वाढल्या. त्या दिवशी मास्तरांनी खडू काढलाच नाही. सरळ उठून टीव्हीचं बटण बंद केलं.

“मास्तर, तुम्ही नेमके कोणाच्या बाजूनं हाव?” हॉटेलमालक सगळ्यांसमोर म्हणाला. दोघेचौघे फिदीफिदी हसले. मास्तर अर्धा चहा तसाच टाकून निघून गेले. मी मात्र मालकाला नाही नाही ते बोललो. आजही त्याचा पस्तावा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला मास्तर फाट्यावर आले नाहीत, म्हणून घरी गेलो. मास्तरांना मूलबाळ नाही, मास्तरीणबाईही वारल्या, जेवणाचा डबा शेजारून येतो. एकटेच फोन हातात घेऊन बसले होते.

“सुनीताचा फोन लागून न्हाई राह्यला. तीन दिवस झाले.”

सुनीता वाटूरचीच. आईबाप नसलेली, मामाकडे वाढलेली. मास्तरांनी तिला फौजी नवरा पाहून दिला. आता ती पठाणकोटला, नवरा पुढे सीमेवर.

“मामी नको म्हणत होती. मीच म्हणलो, पक्की नोकरी हाय, द्या बिलकुल. इतक्या दूर मी धाडली तिला.” त्यांनी पुन्हा नंबर लावून पाहिला. “अन् हे इथं चहा पिऊन बॉम्ब टाकून राह्यले!”

तेवढ्यात फोन वाजला.

“बाई, बरी हायस ना?” एवढंच विचारलं. पुढे युद्धाचा शब्द काढला नाही. भाजी कोणती केली, फोडणीत काय घातलं, भाकरी का पोळी. ज्या माणसाने कधी चूल पेटवली नाही, तो तिने फोन ठेवू नये म्हणून एकेक विचारत राहिला.

शेवटी फोन ठेवून त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

“जेवली ती,” म्हणाले.