मध्ययुगात अडकलेले सासरे

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध बंद पडली तेव्हा आत सासरे होते आणि त्यांना तातडीने बाथरूमला जायचं होतं. जावयाने दाराला कान लावून ही वस्तुस्थिती समजून घेतली आणि लिफ्ट कंपनीला फोन लावला.

“आपला फोन आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे,” ध्वनिमुद्रित बाई म्हणाल्या. “प्रतीक्षेतून ग्राहकांची अभिरुची घडावी, या धोरणानुसार आपणास पाश्चात्त्य संगीताचा इतिहास क्रमवार ऐकवण्यात येईल. आधुनिक युग संपताच प्रतिनिधी बोलतील. सध्या मध्ययुग सुरू आहे.”

मठातले साधू एका सुरात संथपणे गाऊ लागले.

“काय म्हणतायत?” सासऱ्यांनी आतून विचारलं.

“मध्ययुग चालू आहे, बाबा.”

“ते मला इथे दिसतंच आहे. माणूस कधी येणार?”

प्रबोधनकाळात चार आवाज एकदम आपापलं म्हणणं मांडू लागले, इमारतीच्या मीटिंगसारखे. पुढच्या बरोक युगात एकेका सुरावर इतकी नक्षी, की मूळ चाल सापडेना. तेवढ्यात एक खरीखुरी बाई बोलली.

“बोला सर.”

“सासरे अडकलेत हो, लवकर...”

“अय्या, तुम्ही अजून बरोकमध्येच? चुकून उचलला मी. इतिहास असा मध्येच सोडता येत नाही सर. पहिल्यापासून लावते हं.”

साधू परत आले. जावयाने फोन स्पीकरवर टाकला. यथावकाश अभिजात काळ उजाडला. सगळं नेटकं, मोजूनमापून, आणि लिफ्ट जागच्या जागी.

“अभिजात दर्जा मिळाला की असंच होतं,” सासरे कण्हत म्हणाले. “मान मिळतो, हलत काही नाही.”

रोमँटिक युगात व्हायोलिनं रडली, सासरेही रडले. मग पियानोवर पाणी झुळझुळू लागलं.

“जावईबापू, पाया पडतो, ते पाणी बंद करा.”

एव्हाना जिन्यात शेजारी जमले होते. पाणी थांबलं आणि फोनमधून काहीच ऐकू येईना.

“कट झाला वाटतं,” जावई म्हणाला.

“छे हो,” वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले. “हेच आधुनिक युग. शांतता हीच रचना.”

बॅटरी संपून फोन काळा पडलेला जावयाने पाहिला होता. पण चारचौघांत अडाणी कोण ठरणार? त्याने डोळे मिटले. सगळ्यांनीच मिटले. आतून दारावर धडाधड थापा पडू लागल्या.

“शू,” प्राध्यापकांनी दाराला दटावलं.

थापा थांबल्या. एक लांबलचक, तृप्त सुस्कारा ऐकू आला आणि दाराखालून ओघळ निघाला.

“समारोप,” प्राध्यापक पुटपुटले. जिना टाळ्यांनी दणाणला.

हसू नका. तुम्ही तिथे असतात, तर फोन तपासला असतात की आधी शेजारी टाळ्या वाजवतायत का, ते पाहिलं असतं?