गुरुवारची ओल

"या खेपेला जागा माझीच! आनंदाने वाटायला सरबताची बाटली आणून ठेव," असं नशवाने आईला ठणकावून सांगितलं. आईने मान डोलावली, पण बाटली काही आणली नाही. तिचंही चूक नव्हतं. जुन्या वास्तूंचं जतन या विषयात डॉक्टरेटची जागा मागायची नशवाची ही चौथी खेप होती. पहिल्यांदा अनुभव कमी पडला, दुसऱ्यांदा जास्त झाला आणि तिसऱ्यांदा फाइलच सापडेना! पुढच्या महिन्यात तिला पस्तीस वर्षं पुरी होणार होती. त्यानंतर नियमाने अर्जच करता येत नाही. दहा वर्षं सरकारी खात्यात भिंतींचे पोपडे चिकटवून पोरगी पार थकली होती. उरलीसुरली उमेद तिने या एका अर्जावर लावली होती.

या वेळी तिच्याकडे पुरावा होता. कैरोच्या जुन्या कबरस्तानात एका सरदाराची सहाशे वर्षांची, घुमट असलेली कबर आहे. तिच्या छताचा रंग का झडतो हे शोधायला नशवाने काडेपेटीएवढं एक यंत्र तिथल्या कोनाड्यात ठेवलं होतं. हवेतली ओल आणि ऊब ते दर पाव तासाला टिपून घ्यायचं.

"बरकातकाका, हे तुमच्या भरवशावर," तिने राखणदाराला बजावलं होतं. "याला काही झालं तर मी संपले!"

"जीव गेला तरी बेहत्तर, डॉक्टरबाई!"

काका तिला पहिल्या दिवसापासून डॉक्टरबाई म्हणायचा. विद्यापीठाला इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं, ते त्याने एका दमात उरकलं होतं.

दर महिन्याला भर दुपारी जाऊन ती आकडे उतरवून आणायची. यंत्र कोनाड्यात, काका स्टुलावर, सगळं जागच्या जागी.

आकडे मात्र अजब! दिवसभर कबर कोरडी ठणठणीत, आणि सूर्य मावळला की ओल चढायची. भर थंडीत रात्री ऊब! दर गुरुवारी संध्याकाळी तर ओल आभाळाला भिडायची, आणि रमजानात रोज पहाटेही चढायची. शहाण्या माणसाने इथे थांबून डोकं खाजवलं असतं. पण चौथ्यांदा अर्ज करणारं माणूस शहाणं उरत नाही. नशवाने चाळीस पानं लिहून सिद्धांत मांडला की दगड श्वास घेतो, आणि प्रार्थनेला आलेल्या माणसांचे निःश्वास साठवून ठेवतो!

निवड समितीच्या प्रमुख डॉक्टर इन्शिराह वाचून थक्क झाल्या. "असं मी कुठेच वाचलं नाही! सहीआधी जागा बघून घेते. शनिवारी सकाळी सातला, गर्दी व्हायच्या आत."

शनिवारी सातला दोघी पोचल्या. कोनाडा रिकामा!

नशवा कोनाड्यात हात घालून चाचपू लागली. तेवढ्यात समोरून बरकातकाका धापा टाकत आला आणि झग्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं यंत्र काढून कोनाड्यात ठेवू लागला.

"हे कुठे होतं?" डॉक्टर इन्शिराहांनी विचारलं.

"घरी."

"घरी?"

"मग काय रात्री इथे सोडू? कोणी लांबवलं म्हणजे? अल्लाची शप्पथ, एक रात्रसुद्धा बाहेर ठेवलं नाही! चुलीच्या वरच्या फळीवर असतं, पोरांचे हात पोचत नाहीत."

डॉक्टर इन्शिराहांनी शांतपणे फाइल उघडली.

"गुरुवारी संध्याकाळी काय असतं?"

"आंघोळी! शुक्रवारच्या नमाजाआधी सगळ्यांच्या. आठ माणसं, खोली एक!"

"रमजानात पहाटे?"

"बायको उपासाआधी खायचे घेवडे शिजवते."

"आणि आलेखात बारा नोव्हेंबरचा हा सुळका?"

"थोरलीची मेंदी! साठ बायका होत्या, बाई. मी स्वतः जिन्यात बसलो होतो."

एकाही प्रश्नाला काका अडखळला नाही. आजूबाजूला इतकी थडगी होती, त्यातलं एखादं मोकळं असतं तर नशवा तिथल्या तिथे आत जाऊन पडली असती.

"नशवा, आकडे अगदी अचूक आहेत," डॉक्टर इन्शिराह म्हणाल्या. "फक्त ते काकांच्या चुलीचे आहेत. यावर जागा देता येणार नाही." मग त्या काकाकडे वळल्या. "वर्षभरात एकदाही विसरला नाहीत?"

"छे! सासरा वारला, तेव्हा दफनाच्या वेळीसुद्धा खिशात होतं."

"आमच्याकडे महिन्याला दोन यंत्रं हरवतात, सांभाळायला भरवशाचं माणूस मिळत नाही. विद्यापीठात नोकरीला येता का?"

बाई निघून गेल्या. नशवा पायरीवर बसून ढसाढसा रडली. काकाने चहा आणून तिच्या हातात दिला आणि स्वतः शेजारी टेकला. डॉक्टरबाईला नकार मिळाला, एवढंच त्याला कळलं होतं.

"रडू नका हो. आता मी विद्यापीठातला माणूस! तुमच्यासाठी वर शब्द टाकतो ना."

नशवाला खरं म्हणजे संताप यायला हवा होता, पण तेवढं त्राणच उरलं नव्हतं. शिवाय जन्म कैरोत गेला होता, इथे कामं कशी होतात ते तिला ठाऊक होतं. तिने डोळे पुसले, पिशवीतून अर्जाची जास्तीची प्रत काढली आणि दोन फोटो लावून मुकाट्याने काकाच्या हातात दिली.