तळघराचं कुलूप

फैनाच्या हाताला सूर्यफुलाचं तेल होतं, त्या दिवशीच्या गोंधळाचं मूळ एवढंच. धिरडी घालता घालता ती वरच्या मजल्यावर रिम्माकडे आली होती, आणि रिम्माने तिला हात धुवायला न सांगताच सोळा किलोची गिर्या पुढे केली. गिर्या म्हणजे लोखंडी गोळा, वर धरायला जाड कडी. रशियातल्या त्यांच्या पेर्म शहरात निम्म्या घरांत ती दार अडवायला ठेवलेली असते.

दोघी साठीच्या पुढच्या. रिम्माने बत्तीस वर्षं ट्राम चालवली, फैनाने शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. हिवाळ्याआधी त्या व्यायामशाळेत गेल्या, तेव्हा तिथल्या शिक्षकाने त्यांना अगदी गोड आवाजात बागेत चालायला जा म्हणून सांगितलं. परतताना रिम्माने बाजारातून दोन गिर्या विकत घेतल्या. तेव्हापासून एकीने व्यायामाच्या जुन्या पुस्तिकेतून वाचायचं, दुसरीने करायचं. आजचा धडा नवा होता: एका हाताने गिर्या गुडघ्यांमधून खांद्यापर्यंत झुलवणं.

तिसऱ्या झोक्याला गिर्या फैनाच्या हातातून सुटली, उघड्या दारातून न्हाणीघरात गेली आणि बेसिनखालचा पाइप कॉकसकट तोडून थांबली. पाणी छतापर्यंत उडालं. आता मुख्य कॉकच बंद करायला हवा होता. तो तळघरात, आणि तळघराची किल्ली खालच्या मजल्यावरच्या वेन्यामिन पेत्रोविचकडे.

हा इमारतीच्या समितीचा प्रमुख. गिर्यांच्या आवाजाबद्दल त्याने दोघींविरुद्ध तीन अर्ज लिहिले होते. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या टकलावर थेंब पडायला लागले होते. किल्ली हरवली आहे, असं तो म्हणाला. शिवाय सहा वर्षं तळघरात कमरेएवढं घाण पाणी आहे, उंदीर आहेत. दुरुस्तीवाले दोन तासांत येतील, तोवर थांबायचं. त्याची बायको क्लावदिया जमिनीवर पातेली मांडत होती.

पाणी त्याच्या सोफ्यावर आलं, मग टीव्हीवर. रिम्माला नवल वाटलं. नुसत्या आवाजाला अर्ज लिहिणारा माणूस टीव्ही भिजताना बघत उभा होता.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"हरवली म्हटलं ना."

"बरं."

ती वर गेली, पाण्यातून गिर्या उचलली आणि जिना उतरू लागली. वेन्यामिन पेत्रोविच ओल्या सपाता फटफटवत, हा गुन्हा आहे असं सांगत मागे आला. मजल्यामजल्यावर दारं उघडली, शेजारी मागोमाग उतरले. तळघरापाशी रिम्माने फैनाला वाचायला सांगितलं.

"इथं?"

"नवीन धडा आहे. चुकायला नको."

फैनाने भिजलेल्या पुस्तिकेतून मोठ्याने वाचलं, "पायांत खांद्यांइतकं अंतर. पाठ ताठ. जोर कमरेतून." दुसऱ्या झोक्याला कुलूप खाली पडलं.

आत सगळं कोरडं ठणठणीत. गालिचा, आरामखुर्ची, दिवा, खारवलेल्या कोबीची दोन पिंपं, आणि भिंतभर काकड्यांच्या बरण्या, प्रत्येकीवर साल लिहिलेलं. उंदीर एकही नाही. रिम्माने कॉक बंद केला. शेजारी आत येऊन बरण्यांवरची सालं वाचू लागले.

"वेन्यामिन पेत्रोविच," पाचव्या मजल्यावरच्या बाईने विचारलं, "मग आमच्या मुलांच्या बर्फातल्या घसरगाड्या इथे ठेवायच्या सोडून मी सहा वर्षं वर का उचलून नेतेय?"



रविवारी सभा झाली. तुमच्या छताला रंग आम्ही दोघी देऊ, असं रिम्माने वेन्यामिन पेत्रोविचला आधीच सांगून टाकलं. तरीही त्याने ठराव मांडला की कुणीही घरात गिर्या उचलू नये. सगळ्यांना तो पटला. घरात नाहीच, तळघरात उचलाव्यात, असं पाचव्या मजल्यावरची बाई म्हणाली, आणि एक सोडून सगळे हात वर झाले.

मंगळवारी तळघरात दोघींऐवजी तिघी होत्या. क्लावदिया गालिच्यावर उताणी पडली होती. हात सरळ वर, हातात आठ किलोची गिर्या, नजर तिच्यावर. ती खाली न आणता उभं राहायचं होतं. एवढ्यात दारात वेन्यामिन पेत्रोविच येऊन थांबला.

"क्लावा, सूप गरम करायचंय."

तिने नजर हलवली नाही. "स्टोव्ह वरच आहे. काडेपेटी डाव्या खणात."

मग जिन्यावर त्याची पावलं वाजत गेली.

"आता गुडघा," रिम्मा म्हणाली.

क्लावदिया एका गुडघ्यावर आली, श्वास घेतला, आणि उभी राहिली.