साळसकर मास्तरांचा जांभईवाला

मी जांभई दिली की साळसकर मास्तरांना बढती मिळाल्यासारखा आनंद व्हायचा. "झाली! कुठे झाली? खूण कर रे झिला," असं म्हणत ते शेजारी बसलेल्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबायचे. दिवसभर कचेरीत मान मोडून आलेला मी माझ्याच दारात चोरासारखा बसलेला असायचो.

मास्तर परळला आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरीला शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय करायचे, ते देवालाच ठाऊक. बाकीचे मास्तर कित्ता गिरवून घेत, पाढे घोकून घेत. हे गृहस्थ पत्र्याच्या ट्रंकेतून मुलांचं एखादं चांगलं पुस्तक काढत, त्यातलं एक पान मोठ्याने वाचत आणि म्हणत, आता तुमचं लिहा. पुस्तक चांगलंच हवं, यावर मात्र ते अडून बसत. टुकार गोष्टी ऐकलेलं पोर टुकारच लिहिणार, असं त्यांचं म्हणणं.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण पोरांनी लिहिलेलं चांगलं की वाईट हे मास्तरने सांगायचंच नाही, असा त्यांचा हट्ट होता. ते म्हणे एखाद्या दमलेल्या, परक्या माणसाला वाचून दाखवायचं. तो जिथे जांभई देईल तिथे रेघ मारायची आणि तेवढं पुन्हा लिहायचं. घरच्यांचा उपयोग नाही, कारण ते कौतुक करतात. "राणे, तुमच्याइतकी प्रामाणिक जांभई सबंध परळात नाही," असं ते मला पहिल्या दिवशी म्हणाले. मी मूर्ख, मला ती स्तुती वाटली.

मग रोज संध्याकाळी चहाचा कप तोंडाला लावायच्या आत दारात पोरं हजर. दत्तू नावाच्या एका पोराने सुरुवात केली, गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे. मी तिथेच आ वासला. मास्तर चिडले की मालवणीवर येत. "गाईक कधी बघलंस काय रे?" त्यांनी त्याला विचारलं. दुसऱ्या दिवशी दत्तूने लिहून आणलं, की देवळापुढच्या गाईने ताईची रिबीन खाल्ली आणि गवतवाली म्हणते, गाईचं पोट भरलं, पण गवताचे पैसे द्या. मला जांभई आली नाही. उलट, गवतवालीने शेवटी काय केलं ते विचारायला मी उठून त्याच्या मागे गॅलरीत गेलो. हे माझ्या बायकोने पाहिलं आणि पुढे कितीतरी दिवस ऐकवलं.

एक भानगड मिटते तोवर दुसरी उभी. पूर्वी निबंधात सगळ्यांच्या आया प्रेमळ असायच्या. आता कुसुमने लिहिलं, की भाडं मागायला भय्या आला की आई त्याला सांगते, बाबा गावाला गेलेत, आणि बाबा तेव्हा कॉटखाली असतात. हे तिने माझ्या दारात खणखणीत आवाजात वाचलं. भय्या जिन्यातच उभा होता. कुसुमची आई भांडायला आली ती माझ्याकडे. मास्तरांकडे का नाही? तर म्हणे, ते बिचारे एकटे आहेत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीचाळीत सभा, पहाटे प्रभातफेऱ्या, भिंतीभिंतीवर घोषणा. एकदा आमच्या मैदानात एका कार्यकर्त्याचं भाषण झालं. आम्ही सगळे घसा फाटेस्तोवर ओरडलो. मास्तरही ओरडले. भाषण संपल्यावर लोक वक्त्याला हार घालतायत, तोच हे पुढे गेले आणि म्हणाले, "मुंबई आपली, यात वाद नाही. पण इतिहास सांगायला लागलात तिथे माझ्या सगळ्या वर्गाला जांभया आल्या." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तो कार्यकर्ता तापट होता. त्याने सर्वांदेखत विचारलं, "दुसऱ्यांच्या जांभया बघत फिरता, स्वतः मुलांसाठी एक पान तरी लिहिलंय का?"

मास्तर गोरेमोरे झाले. मग हळू आवाजात म्हणाले, की लिहितोय. बरीच वर्षं लिहितोय. पुस्तकांत राजे आहेत, राक्षस आहेत, पण गिरणगावातलं पोर कुठेच नाही, म्हणून लिहितोय. ते त्या एप्रिलात निवृत्त होणार होते. शेवटच्या दिवशी वर्गाला ही गोष्ट वाचून दाखवीन, असं त्यांनी तिथेच सांगितलं. "एका जरी पोराने जांभई दिली तर फाडून टाकीन," म्हणाले. कोणी सांगितली होती ही प्रतिज्ञा? पण नाही, मास्तर बोलून बसले आणि सगळ्या चाळीने ऐकलं.

आदल्या संध्याकाळी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. या खेपेला बरोबर पोर नव्हतं. खाली मान घालून त्यांनी वाचायला सुरुवात केली. एका मुलीची गोष्ट होती. तिचे वडील रातपाळीला जायचे आणि दिवसा झोपायचे, त्यामुळे तिला दिवसभर आवाज न करता खेळायला लागायचं. ती सागरगोटे परकरावर झेलायची, भांडणसुद्धा खुणांनी करायची. मी चहा विसरलो. मग मुलीची आई आली. ती खिडकीशी बसून तांदूळ निवडते. सुपात पाखडते. खडा काढते. पुन्हा निवडते. पान संपलं तरी बाई निवडतेच आहे. माझे जबडे आवळले गेले, नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड काही मी उघडलं नाही.

मास्तरांनी वाचन थांबवलं. "गिळलीत," ते म्हणाले. "पोरांना कधी फसवलं नाहीत, राणे. मलाच का?"

मी वैतागून म्हणालो, मास्तर, अहो तिथे काहीच घडत नाही, तेवढं काढून टाका की.

त्यांनी पेन्सिल काढली, कागदावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. "तिथे आमच्या हिला बसवलंय," ते म्हणाले. "मुंबईला आणली आणि दोन वर्षांत गेली. घरात वाचून दाखवायला कोणी नसलं की कुठे लांबलं ते कळत नाही बघा."

 मग ते पान राहू द्या, मी म्हणालो. ते म्हणाले, नियम तो नियम, आणि कागद घेऊन गेले. त्या रात्री मला माझ्या जांभईची खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. मास्तर वाचू लागले. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे सतत बघत राहणारा हा माणूस, पण आईचं पान आलं तेव्हा त्याने कागदावरून नजर उचलली नाही. पान काढलेलं नव्हतं. मी मात्र एकेका पोराचं तोंड बघत होतो. दत्तू, कुसुम, सगळी. एकाने तोंड उघडलं असतं तरी मी त्याला बाहेर काढला असता.

कुसुमने हात वर केला. मी बाकावरून अर्धा उठलोच.

"मास्तर, तांदूळ निवडून झाल्यावर ती काय करते?"

मास्तरांनी कागद चाळले. पुढे मुलीचीच गोष्ट होती, आईचं तिथे काहीच नव्हतं. त्यांनी कागद टेबलावर ठेवले, चष्मा काढला.

"मग ती भात टाकते," ते म्हणाले. "आणि दारात उभी राहून माझी वाट बघते."

गोष्टीतल्या मुलीच्या वडिलांची म्हणायचं होतं त्यांना. पोरांच्या ते ध्यानात आलं नाही. ती विचारत सुटली, की भाताबरोबर काय करते, रागावते का, गाणं म्हणते का. मास्तर घंटा होईपर्यंत सांगत राहिले, आणि मीही शेवटपर्यंत ऐकत बसलो.