काल काय उचललं?

"काल काय उचललं?"

रक्त काढायला बसलेल्या प्रत्येकाला आमचे तात्या आधी हे विचारतात. नाव-गाव नंतर. कॉलेजातल्या एक मॅडम वैतागून म्हणाल्या, "पर्स!" तात्यांनी गंभीरपणे कागदावर लिहिलं: पर्स.

बारामतीतल्या आमच्या लॅबमध्ये तात्या सर्वांत जुने टेक्निशियन, कॉम्प्युटर माझ्याकडे. रक्तातल्या एन्झाइमचे आकडे आले की प्रोग्राम ते वाचतो आणि खाली शेरा छापतो. या प्रोग्रामशी तात्यांचा उभा दावा. एक एन्झाइम असं आहे, जे हृदयाला इजा झाली तर वाढतं आणि अंगमेहनतीचं जड काम केलं तरी वाढतं. प्रोग्राम मात्र दर वेळी हृदयाचंच नाव घेतो.

मागच्या ऊसतोडीच्या हंगामात कोऱ्हाळ्याच्या एका गड्याच्या रिपोर्टवर तो शेरा आला, तशी त्याची बायको रडायलाच लागली.

"रडू नगं, पोरी," तात्या म्हणाले, "काल दिवसभर ऊस भरलाय त्यानं. डॉक्टरास्नी मी सांगतो."

कार्डिओग्राम चांगला निघाला. मला हुरूप आला.

"तात्या, हंगामात ऊसवाल्यांपुरता तो शेरा बंदच करून टाकू का?" वाटलं, म्हातारा खूश होईल.

दंडाला बांधायचा पट्टा तात्यांच्या हातात तसाच राहिला. "न्हाय. ती चूक मी केलीया."

अंथुर्ण्याला त्यांचा धाकटा भाऊ होता, दत्तू. प्रोग्राम यायच्या आधीची गोष्ट.

"त्याचा आकडा वाढल्याला. मी म्हणलं, हंगाम हाय, मोळ्या उचलल्या असतील. डॉक्टरास्नी तसंच सांगितलं. दत्तूला इचारलंच न्हाय. छातीत दुखतंय म्हणून तीन दिस घरीच पडून हुता."

दत्तू त्याच आठवड्यात गेला.

मला फार लाज वाटली. मी शेरा ठेवला आणि प्रोग्राममध्ये एक रकाना वाढवला: काल काय उचललं? तो भरल्याशिवाय रिपोर्ट छापलाच जात नाही.

चाचणीसाठी एक खोटा पेशंट हवा होता. "नाव काय टाकू, तात्या?"

"दत्तू." आकडाही त्यांनीच सांगितला; आठवावा लागला नाही.

"काल काय उचललं?"

नव्या रकान्यातला प्रश्न मी तात्यांना वाचून दाखवला.

"कायबी न्हाय. घरीच हाय."

कागद बाहेर आला: हृदयविकाराची शक्यता, तातडीने डॉक्टरांना दाखवा. तात्यांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.